रकान्याबाहेरच्या बैलगाड्या

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं विचाराल तर कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या आधी मी आमच्या मुकादमांना हात जोडतो. रस्ता पाहायचा म्हटला की ते धोतर सावरून उकिडवे बसत. "बसून पाह्य, बापू. उभ्यानं चढ दिसत नाही." घरातला पहिला पदवीधर मी, पदवी घेऊन बांधकाम खात्यात लागलो, पण चढ ओळखायला शिकलो तो त्यांच्या शेजारी बसून.

चारचौघांत ते मला साहेब म्हणत, एकटे असलो की बापू. डब्यातली भाकर अर्धी मोडून पुढे करत. "खाय. शिकल्यानं काही भूक मरत नाही."

मलकापूरच्या पुढे एका फाट्यावर वाहनांची मोजणी निघाली. हमरस्ता भराव घालून नुकताच उंच केला होता. गावातल्या कापसाच्या गाड्यांना आता तो खडा चढ चढून, रस्ता ओलांडून, सरकी काढायच्या जिनिंगला जावं लागे. ऐन माथ्यावर बैल अडत. गाडी आडवी, आणि समोरून ट्रक. गाडीवाटेचा चढ कमी करायचा की नाही, हे या मोजणीवर ठरणार होतं.

आणि छापील तक्त्यात रकाने फक्त हमरस्त्याने जाणाऱ्यांचे! ओलांडणाऱ्यांना रकानाच नाही.

"मग सोडून द्या," मी म्हणालो.

"काऊन? रकाना नाही म्हून बैल नाही का?"

चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी, असं करत त्यांनी तक्त्याची मागची बाजू भरून काढली. वर पाठवायची पक्की प्रत मी केली ती फक्त पुढच्या बाजूची. नियम तसाच, असं माझ्या शिकलेल्या डोक्याला वाटलं.

वरून उत्तर आलं : गावची वाहतूक नगण्य, चढ आहे तसाच राहू द्यावा. पुढच्याच महिन्यात तिथे अडलेल्या गाडीला ट्रकने उडवलं. बैल जागीच मेला, गाडीवानाचा पाय गेला. कागदावर काय लिहावं? गाडीवानाचा हलगर्जीपणा! आणि मोजणी चुकली कोणाची? मुकादमाची! आमच्या वरच्या साहेबांनी त्यांना कचेरीत बोलावून घेतलं.

"साहेब, म्या मोजल्या गाड्या. कागदाच्या मांगं पाहा."

"मागे कोरं आहे. मुकादमाने अक्कल पाजळू नये."

साहेबांच्या हातात माझी प्रत होती. मी तिथेच उभा होतो आणि गप्प होतो. मुकादमांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. त्यांची संग्रामपूरकडे बदली झाली. एस.टी.त चढताना म्हणाले, "नोकरी नवी हाय तुही. सांभाळ."

आठ दिवसांनी मी त्यांना लिहिलं :

"ती. मुकादमकाकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचा कच्चा तक्ता माझ्या खणात होता. आज तो, मागची बाजू मीच गाळली अशा कबुलीसह, त्या साहेबांच्याही वरच्या मोठ्या साहेबांकडे पाठवला. मोजणी तुमची बरोबर होती. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

काल गाडीवानाच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'मले काय सांगता? माह्या गाड्या मोजल्या त्याले सांगा.'

म्हणून हे पत्र."