वासुदेवरावांचे ब्रेक

एकोडीच्या वासुदेवरावांना पळवण्याचं वेड होतं. तरुणपणी शंकरपटाच्या शर्यतीत त्यांनी बैल असे पळवले की बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या जागी बसलेला माणूस आहे की वारा, हे लोकांना कळत नसे. पुढे अंग सुटलं, पटाची जोडी म्हातारी झाली, आणि धानाच्या बांध्यांभोवती चालत फिरणं नशिबी आलं. माणूस अगदी कोमेजून गेला.

अशातच जवाहरनगरातल्या एका साहेबाची बदली झाली. साहेबाकडे एक लाल विलायती गाडी होती. दोनच माणसांची, टप नसलेली, समोरची काचही कधीच निघून गेलेली. वासुदेवरावांनी ती पाहिली आणि घरी न विचारता घेऊन टाकली. गाडी अंगणात आली तेव्हा त्यांच्या पत्नी गोदावरीबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"याच्यात पोते कुठं ठेवाचे?" त्यांनी विचारलं.

"पोत्यासाठी नाही वो, पळवाले आहे."

गाडी पळायची सुरेख. अडचण थांबण्याची होती. ब्रेक दाबला की चाकातून असा किंकाळ्यांचा आवाज निघे की तलावाच्या पाळीवरच्या म्हशी पाण्यात उड्या घेत. गाडी मात्र आपल्या मनानं थांबे. हँडब्रेकची तार साहेबाच्याच काळात तुटली होती. वासुदेवरावांनी त्यावर तोडगा काढला. घरी आले की ते गाडी सरळ तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगात घालत. ढीग मऊ, गाडी मजबूत. सहा महिने कुणाचं काही बिघडलं नाही. फक्त गाईला रोज थोडी लाल रंगाची तणस खावी लागे.

मग पुतण्याचं, खुशालचं लग्न निघालं. नवरदेव बैलांच्या दमणीतून न्यायचा तर मग लाल गाडी कशाला घेतली, असं वासुदेवरावांचं म्हणणं. खुशाल बाशिंग बांधून शेजारी बसला. वऱ्हाड बैलगाड्यांतून आधीच पुढे गेलं होतं. नवरीच्या गावाआधी उतार लागला आणि वासुदेवरावांनी ब्रेक दाबला. किंकाळी निघाली. गाडी नाही थांबली.

"काका, मांडव गेला जी," खुशाल म्हणाला.

"दिसला मले."

"मंग थांबत काहून नाही?"

"मी थांबूनच राहिलो. गाडी नाही थांबून राहिली."

नवरीच्या बापानं हात जोडले होते, ते तसेच राहिले. वाजंत्रीवाले थोडं मागे धावले, मग दम लागून थांबले. गाडी पुढच्या गावात शिरली, तिथं वासुदेवरावांना तणशीचा ढीग दिसला आणि त्यांनी सवयीनं ती त्यात घातली. ढिगाच्या शेजारीच दुसरा मांडव होता. तिथल्या बायांनी बाशिंग पाहिलं, खुशालच्या कपाळावरची तणस झटकली, पाय धुतले, ओवाळलं आणि सरबत दिलं. खुशाल भिडस्त पोरगा. तो दोन पेले प्यायला. इतक्यात त्या मांडवाचा खरा नवरदेव दारात आला.

तिथल्या म्हाताऱ्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "एक जास्त आहे," तो म्हणाला.

खुशालचं लग्न संध्याकाळी लागलं, तेही या दुसऱ्या मांडववाल्यांच्याच एका बैलगाडीतून परत जाऊन. दुसऱ्या दिवशी गोदावरीबाईंनी गाडीची किल्ली धानाच्या कणगीत टाकली. ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय ती मिळणार नव्हती.

साकोलीचा नत्थू मिस्त्री एरवी ट्रक दुरुस्त करी. त्यानं पुढचं चाक खोललं आणि आत बोट फिरवलं. "पॅड पुरे झिजले जी. लोखंडाले लोखंड घासून राहिलं. अन् डिस्क पाहा, नांगरल्यासारखी झाली. दोन्ही बदला. अन् दोन्ही चाकांचे संगच बदला, नाही तर दाबल्यावर गाडी एकीकडे ओढन."

हे वासुदेवरावांना लगेच पटलं. जोडीत एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा असला की काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

नागपूरला विलायती गाड्यांचं सामान ठेवणारा एक दुकानदार होता. गोदावरीबाई सोबत निघाल्या, कारण त्यांचा नवऱ्यावर भरवसा उरला नव्हता. दुकानदारानं पॅड मांडले. वासुदेवरावांचा हात थेट काळ्या, दगडासारख्या कडक पॅडवर गेला.

"हे रेसचे," दुकानदार म्हणाला. "पण तापल्यावरच पकडतात. आधी चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारायचा, मग काम करतात."

"म्हणजे थांबाच्या आधी थांबून पाहाचं?" गोदावरीबाई म्हणाल्या. "का चुलीवर शेकून न्याचे?"

मग डिस्क आल्या. एक साधी, एक आरपार भोकं पाडलेली. भोकांची पाहून वासुदेवराव हरखले. गोदावरीबाईंनी ती उचलून उजेडात धरली आणि एका भोकातून नवऱ्याकडे पाहिलं.

"भोकं पडलेला तवा पैसे देऊन कोण घेते जी?"

"भोकांतून हवा जाते, डिस्क थंड राहते," दुकानदारानं सांगितलं.

"एक म्हणते मले तापवा, दुसरा म्हणते मले थंड ठेवा. या दोघांचा संसार कसा होईन?"

बाईंनी साध्या डिस्क मडक्यासारख्या बोटानं वाजवून पाहिल्या, नरम पॅड नखानं दाबले आणि तेच बांधायला सांगितले. वासुदेवरावांनी निघताना भोकांच्या डिस्कवरून एकदा हात फिरवला. त्यांना भोकं हवी होती.

नत्थूनं सामान बसवलं आणि बजावलं, "पहिले काही दिवस हळू दाबा. पॅड डिस्कवर बसू द्या."

वासुदेवरावांनी मेव्हण्यांना, भैयाजींना शेजारी बसवलं. रस्त्याच्या दोन्हीकडे धानाची रोपं लावायचा रोवणा चालू होता. गाडी भरधाव सोडून त्यांनी जुन्या सवयीनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. भैयाजी मात्र तसेच पुढे गेले, गाडीच्या नाकावरून, शेताच्या धुऱ्यावरून, आणि रोवणा करणाऱ्या चंद्रभागाबाईंच्या बांधीत चिखलात उभे रोवले गेले.

चंद्रभागाबाईंनी हातातली धानाच्या रोपांची पेंढी खाली ठेवली. "यंदा माणसं बी रोवून राहिले का?"

वासुदेवरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते स्टेअरिंग धरून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट त्यांनी सांगितली त्या जागी थांबली होती. बैल कधी थांबले नव्हते, गाडी थांबली नव्हती. त्यांनी दहा पावलं गाडी नेली आणि पुन्हा थांबवली. मग पुन्हा.

त्या दिवसापासून वेड फिरलं. वासुदेवराव थांबायला लागले. वाटेत म्हातारी दिसली की थांब, गुडघ्याची चौकशी कर. तलावावर कोळी दिसला की थांब, आज काय गावलं विचार. कुणीच नसलं तर बाभळीखाली थांब. साकोलीचा बाजार गाठायला त्यांना अर्धा दिवस लागे, आणि तिथं गेल्यावर काय घ्यायचं होतं ते आठवत नसे.

गोदावरीबाईंनी वर्षभर सोसलं. मग एका बाजाराच्या दिवशी त्या पिशवी घेऊन गाडीजवळून तशाच पुढे गेल्या.

"बसत काहून नाही?" वासुदेवरावांनी विचारलं.

"मले आजच पोचाचं आहे," त्या म्हणाल्या, आणि एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या.