थांबलेली पंगत

माघ उतरणीला लागला की कामोठ्याच्या सकाळीला दोन वास असतात. एक खाडीकडून येणारा, ओल्या चिखलाचा आणि तिवरांचा. दुसरा कारखान्यांच्या दिशेकडून येणारा, ज्याला आमच्या सोसायटीत अजून कुणी नाव दिलेलं नाही, नाक मुरडून नुसतं 'आला' एवढंच म्हणतात. कळंबोलीच्या पुलाखाली बसमधून उतरून, धुरकट उजेडात रिक्षा शोधत बॅग ओढू लागले की मला या दोहोंच्या मधून तिसरा एक वास येतो, आबांच्या चहातल्या गवती चहाचा. आमच्या चौथ्या मजल्यावरून तो तिथवर पोचणं शक्य नाही, हे मला कळतं. तरी इतकी वर्षं तो येत असे. गेल्या माघात मात्र मी चार वेळा त्या पुलाखाली उतरले आणि चारही वेळा मला फक्त डिझेलचा वास आला.

आबा म्हणजे माझे सासरे. जावळीच्या खोऱ्यातलं गाव सोडून ते तरुणपणी इकडे आले आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांनी आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिल्या. त्यांच्या माथाडी टोळीचा एक नियम होता. दुपारचे डबे सोडायचे ते सगळ्यांनी एकदम. एखादा गडी अजून ट्रकवर असला, तर बाकीचे हात धुऊन, बंद डबे पुढ्यात घेऊन, पोटात कावळे ओरडत असताना त्याची वाट बघत बसायचे. तो येऊन टेकला की मगच झाकणं उघडायची. "एकानं आदी घास घेतला, की टोळी फुटली म्हनून समजायचं," असं आबा सांगतात. मार्केट सुटलं, पाठ वाकली, टोळीतले निम्मे गडी गावी परतले आणि काही कायमचे गेले; पण नियम तेवढा आबांबरोबर आमच्या घरात राहायला आला, आणि जेवणावरून हळूहळू टीव्हीवरही पसरला. घरातली मालिका चौघांनी मिळून बघायची, आणि चौघं बसल्याशिवाय पुढचा भाग लावायचा नाही. प्रमोद, माझा नवरा, याला हसत असे आणि पाळतही असे. आमची सई अकरावीत गेल्यापासून कुठलाच नियम नाक न मुरडता पाळत नाही, पण हा पाळायची.

माझं काम फिरतीचं आहे. पावण्यातल्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथे बॉयलरवर बसवायचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनतात. वाफेचा दाब मर्यादेपलीकडे गेला की जो आपोआप उघडतो आणि पुढचा अनर्थ टाळतो, तो व्हॉल्व्ह. तो नेमक्या दाबाला उघडतो की नाही हे जागेवर जाऊन तपासायचं आणि त्याला शिशाचं सील ठोकून यायचं, हे माझं काम. माघ-फाल्गुनात सगळ्यांना एकदमच तपासणी आठवते. म्हणून त्या महिन्यात वापीजवळची कागदगिरणी, लोट्याचा रसायनांचा कारखाना, पुन्हा वापी आणि शेवटी कोल्हापूरकडचा एक साखर कारखाना, अशी माझी वरात निघाली होती. मधल्या दोन-तीन दिवसांत घरी यायचं, मशीनला कपडे लावायचे, फ्रीजमधलं काय टाकायचं ते ठरवायचं आणि पुन्हा बॅग भरायची. घराबद्दल अपराधी वाटून घ्यायलासुद्धा सवड लागते, आणि ती मला नव्हती.

त्याच महिन्यात आम्ही एक रहस्यमालिका बघायला घेतली होती. दहा भागांची. एका बंदरगावातल्या लाकडाच्या वखारीचा मालक मारला जातो आणि घरातल्या प्रत्येकावर संशय येतो, असं काहीसं कथानक होतं. आबांचा जीव त्यातल्या एका पात्रावर जडला होता. गावच्या दवाखान्यातला गरीब, पडेल चेहऱ्याचा कंपाउंडर; सगळ्यांची औषधं पोचवायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायचा. तो पडद्यावर आला की आबा सरसावून बसत. "लई गुनाचं पोर हाय ते," असं म्हणत आणि प्रमोदला चहाचा कप बाजूला घ्यायला लावत. पहिले तीन भाग आम्ही असे बघितले. दिवेलागणीची वेळ, पुढ्यात भाजलेले शेंगदाणे, गॅलरीच्या सरकत्या काचेवर हायवेवरच्या दिव्यांची सरकती ओळ. मला आठवतं, तेव्हा मी सुखी होते, आणि ते मला त्याच वेळी कळतही होतं.

वापीहून परतल्यावर चौथा भाग लावला. सईला रक्त बघवत नाही. तसा प्रसंग आला की ती डोळे मिटून घेते. वखारीतली एक जुनी पेटी उघडायची होती. आत काय आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. पेटीचं कुलूप निघायच्या आधीच सईने डोळे मिटले.

झालं ते एवढंच. पण एकदा चाहूल लागली की माणूस चोरपावलंच ऐकत बसतं. मग मला दिसू लागलं की प्रमोद पाणी आणायला नेमका कंटाळवाण्या प्रसंगाच्या तोंडावर उठतो आणि महत्त्वाच्या प्रसंगाच्या तोंडावर परत येतो. विनोदाला दोघं हसत, पण ते शिळं हसू होतं. आणि आबा? आबा माझ्याकडे बघतच नव्हते. त्या महिनाभरात ते माझ्यापाशी कमी बोलले, नजर चुकवून बोलले. लोट्याहून मी फोन केला तेव्हा पलीकडून मालिकेचं ते समुद्राच्या लाटांसारखं सुरू होणारं संगीत मला अगदी पुसट ऐकू आलं होतं. काय चाललंय, असं विचारल्यावर आबा म्हणाले होते, "काय न्हाय. बसलोय आपला गॅलरीत, जेवतोय." मला त्यात चोराच्या मनातलं चांदणं दिसलं. ज्यांनी नियम घातला त्यांनीच तो मोडावा आणि वर मला गॅलरीच्या थापा माराव्यात, याचा मला फार राग आला. प्रमोद आणि सई यांच्याबद्दल वाईट वाटलं होतं. आबांचा राग आला. दोन्हींत फरक आहे, आणि तो मी तेव्हा तपासून बघितला नाही.

राग आला म्हणून मी काय केलं, तेही सांगायला हवं. साखर कारखान्याच्या गेस्टहाउसमध्ये, मळीचा गोडसर आंबूस वास खिडकीतून आत येत असताना, संध्याकाळी साडेसहाला बिछान्यावर पाय पसरून, कानात इअरफोन घालून मी उरलेले सगळे भाग एकटीने बघून टाकले. खून त्या गुणाच्या पोरानेच केला होता. सांगायला लाज वाटते, पण मला मजा आली. कुणी मध्ये बोलत नव्हतं, कुणाला गोळी द्यायला उठायचं नव्हतं. घरच्यांबरोबर कधी आली नव्हती एवढी मजा आली. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हला सील ठोकताना मी शीळ घालत होते.

घरी आल्यावर पुन्हा तेच नाटक रोज संध्याकाळी सुरू झालं. आता नटांमध्ये मीही होते. आणि मग शेवटच्या भागाचा रविवार उजाडला. दुपारची जेवणं झाली होती, बाहेर ऊन चढलं होतं, सोसायटीच्या कुंपणाजवळच्या सावरीला लाल फुलं आली होती आणि कावळे त्यांच्यात तोंडं खुपसत होते. प्रमोद सोफ्यावर ऐसपैस बसला आणि हात चोळत म्हणाला, "शेवटचा भाग! मला तर बुवा अजून काहीच अंदाज नाही." सई म्हणाली, "मला पण नाही, सिरीयसली." दोघांचे चेहरे इतके निष्पाप होते, की ज्या दाबाला उघडायचं नाही त्या दाबाला मी उघडले.

"पुरे झालं," मी म्हणाले. "बघितलंय तुम्ही सगळं. सगळ्यांनी. मी पण बघितलंय. त्या कंपाउंडरने मारलंय त्याला. आता कशाला लावताय?"

सई आधी आबांकडे बघू लागली, मग प्रमोदही. मग मीही बघितलं. आबांच्या हातात शेंगदाणे होते आणि हात तोंडापाशी थांबला होता.

"कंपाउंडरनं?" आबा म्हणाले.

"आबांनी नव्हतं बघितलं गं," प्रमोद अगदी हळू म्हणाला. सई रडायला लागली आणि रडता रडताच तिने सगळं सांगितलं. तू नसताना आम्ही दोघं बघायचो. आबांना चल म्हटलं की ते ताट घेऊन गॅलरीत जायचे, काच ओढून घ्यायचे, म्हणायचे, ती आल्याबिगर मी न्हाय. भाग संपेपर्यंत तिथेच बसायचे. थंडी होती तेव्हा मफलर गुंडाळून बसायचे. तुला सांगू नका, असं आम्हीच त्यांना म्हटलं होतं.

तेव्हा मला लोट्याहून केलेला तो फोन नीट ऐकू आला. संगीत पुसट होतं, कारण मधे काच होती. आणि त्या संगीतापेक्षा मोठ्याने ट्रकचे हॉर्न वाजत होते. ते मी तेव्हाही ऐकलेच होते. बारा तासांच्या कामात दाबमापकाच्या काट्याचं केसभर थरथरणंही माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि घरातलं एक म्हातारं माणूस ताटासह बाहेर बसलेलं आहे हे मला हॉर्न ऐकूनही कळलं नाही.

मी काहीतरी बोलायला गेले. आबांनी हाताने थांबवलं. "असू दे. लावा आता. पानं वाडल्याव कुनी उटत न्हाय," ते म्हणाले, आणि आम्ही तो भाग लावला. एक तास चौघंही टीव्हीकडे तोंड करून बसलो. खुन्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला, तेव्हा आबांनी मांडीवर थाप मारली आणि "आगं आयायाय! ह्यानं व्हय!" असं ओरडले. मग चटकन डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं, मला बरं वाटलं की नाही ते बघायला. आबांना अभिनय मुळीच येत नाही. प्रमोद खिडकीबाहेर बघत राहिला. मी हसले, कारण त्यांना तेच हवं होतं.

माफी मी नंतर मागितली, दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी "खुळी का काय" म्हणून विषय झटकला आणि मी घालते त्यापेक्षा जास्त साखर घालून मला चहा दिला. त्यावरून सगळं मिटलं असं मी धरून चालले.

होळी झाल्यावर मला पुन्हा निघावं लागलं, पुन्हा वापी. काम आटोपून संध्याकाळी कँटीनमध्ये बसले होते, तिथून घरी फोन केला. आबांनीच उचलला. मागे कुठल्याशा नव्या मालिकेचं संगीत मोठ्याने वाजत होतं, अगदी जवळ. हॉर्न एकही नव्हता.

"काय चाललंय, आबा?"

"नवीन लावलीय पोरांनी. बगतोय," आबा म्हणाले. आवाजात कसलीही कटुता नव्हती, असती तर सोपं गेलं असतं. "आमी तिसऱ्या भागावर हाय. तू बग तुज्या सवडीनं. शेवट न्हाय सांगत मी."

बरं झालं, असं मी म्हणाले. खरोखरच बरं झालं होतं. थंडीवाऱ्याचं त्यांना आता गॅलरीत बसावं लागणार नव्हतं. फोन ठेवला तोवर वाढप्याने ताट आणून ठेवलं होतं. आमटीवरची वाफ विरत गेली, पलीकडच्या टेबलावरची माणसं जेवून उठली, आणि मी बराच वेळ हात न लावता बसून राहिले.