जेठाचं नाव

ब्राह्मणपुरीची दगूबाई साप निघाला तरी डगमगायची नाही, पण ओसरीत जेठ नुसता खाकरला की पदर ओढून आत पळायची. जेठ म्हणजे थोरला दीर, रूपचंद. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं त्याच्यापुढे तोंडावरचा पदर काढला नव्हता की त्याचं नाव घेतलं नव्हतं. जेठाचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. बाईनं ते घ्यायचंच कशाला? ‘मोठ्या घरचे’ म्हटलं की भागतं.

आणि हिला सुचलं काय, तर त्याच्याविरुद्ध कोर्टात जायचं! पाण्यात राहून माशाशी वैर. विधवा बाई, पोटी मूल नाही, जेठाच्याच चुलीवर जेवणारी. त्यानं हाकललं तर जाणार कुठं?

पण गोष्टच तशी होती. गावकऱ्यांनी शेअर घेऊन कापसातली सरकी वेगळी करणारी जीन, म्हणजे जिनिंग कंपनी काढली होती. तिच्या पायाचे दगड दगूबाईच्या नवऱ्यानं, धुडकूनं, आपल्या गाडीतून वाहिले. तो गेल्यावर त्याचा शेअर तिच्या नावे झाला. रूपचंद कंपनीचा चेअरमन. बासष्ट साली त्यानं कंपनीचं नवंकोरं इंजिन स्वतःच्याच मेहुण्याला मातीमोल विकलं आणि ऐन हंगामात जीन बंद पडली. कुंपणच शेत खाऊ लागलं. संचालक सगळे त्याचेच, ते कशाला तोंड उघडतात?

दगूबाईचा भाऊ छगन तिला वकिलाकडे घेऊन गेला. वकील म्हणाले, “नुकसान कंपनीचं, तेव्हा दावाही कंपनीनंच लावायचा. पण कंपनी त्यांच्याच मुठीत. म्हणून तुम्ही कोर्टाला विनंती करायची, की कंपनीच्या वतीनं मला दावा लावू द्या. आधी ही परवानगी.”

धुळ्याच्या कोर्टात ती उभी राहिली, तर मागच्या बाकावर रूपचंद बसलेला. तिनं पदर आणखी पुढे ओढला. समोरचा वकील म्हणाला, या बाईला भावानं भरीला घातलंय, तिची स्वतःची तक्रारच नाही. तेव्हा जज्जांनी तिलाच विचारलं, “बाई, तक्रार कुणाविरुद्ध?”

“मोठ्या घरचे,” ती पदराआडून म्हणाली.

“नाव सांगा.”

“मोठ्या घरचेच, साहेब,” ती पुन्हा म्हणाली. छगनच्या तोंडचं पाणी पळालं. जज्जांनी पेन खाली ठेवलं. परवानगी आता गेल्यात जमा होती.

मग ती हळूच म्हणाली, “साहेब, मन्हा मालकनं नाव मी कधीच लिधं नही. तरी तो गया.” आणि एका दमात, “रूपचंद. इंजिन त्यास्नीच इकं.”

धाडस कसलं हो! नाव तोंडातून सुटताच तिनं भिऊन मागं पाहिलं, हा माणूस बाकावरच कोसळला की काय म्हणून. तो ठणठणीत बसून तिच्याकडे बघत होता. ते बघणं तिला जास्त भयंकर वाटलं.

परवानगी मिळाली. छगन माहेरी चल म्हणाला, तिनं नाही म्हणून मान हलवली. घर सोडलं तर बाई पळाली असंच गाव म्हणणार.

संध्याकाळी ती घरी आली. रूपचंद खाटेवर होता. जेठ भावजयीशी सरळ बोलत नाही, तो बायकोला, शांतीबाईला म्हणाला, “तिन्हं ताट भाईर ठेव.”

परक्याला वाढावं तसं ताट ओट्यावर आलं आणि आतून कडी लागली. दगूबाईनं घास मोडला, पण बंद दाराकडे बघत तो तसाच ताटात ठेवला. आज नुसती परवानगी मिळाली होती. दावा तर अजून लावायचाच होता.