काकांच्या डोक्यावरचा मुकुट

“दार उघडा, राजा आलाय!” थोरले काका असे ओरडत होते की खाडीचं पाणी पाऊलभर मागं सरलं.

नाटकमंडळाने त्यांची तीस वर्षांची राजाची भूमिका काढून मला दिली होती. गादी परत मिळेपर्यंत स्वतःच्या घरी जाणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली.

काल, इतक्या वर्षांनी, नातवाला नाटकाची मिशी चिकटवताना डिंकाचा तोच वास आला आणि काका पुन्हा आमच्या ओट्यावर उभे राहिले; केळींमधून गळणारं पिवळं ऊन, बेगडी मुकुट. त्यांना ठेवून घेतलं तर मंडळ माझीही भूमिका काढील, म्हणून बाबांनी आतून कडी घातली होती. मी दारामागे हसलो होतो. काल माझा हात थांबला.

“अरे, सख्खा भाऊ ना मी? कुठं जाऊ?” काका तेव्हा बाहेरून बाबांना विचारत होते.

आई फटीतून म्हणाली, “भावजी, मुकुट तेवढा काढून द्या. उद्या पोराला लागल.”