बियाण्याच्या पिशवीवरचे पप्पा

भाद्रपद लागल्यापासून बकुळाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला होता. तरी देवासच्या चार घरच्या महालक्ष्म्यांना साड्या नेसवायच्या त्या त्यांनीच. चाळीस वर्षं हेच चाललेलं. तशा निऱ्या दुसऱ्या कुणाला जमत नाहीत, असा लोकांचा हट्ट. शेवटचं घर जयसिंगरावांचं. तिथे यंदा सोबत नात होती, अपेक्षा. सात वर्षांची, आणि तीन दिवस झाले, शाळेत पाऊल टाकत नव्हती.

झालं होतं असं, की शाळेने ‘मेरा परिवार’ असा तक्ता भरून आणायला सांगितला. त्यात पप्पांची चौकट आधीच छापलेली. अपेक्षाचे पप्पा धारला दुसरा संसार मांडून बसलेले. इथे घरात आई, आईची धाकटी बहीण म्हणजे मावशी, आणि आजी. पोरीने कुणाला न विचारता सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवरचा मिशीवाला शेतकरी कापला आणि चौकटीत चिकटवला. तिच्याच वर्गातल्या हर्षितने, जयसिंगरावांच्या नातवाने, तो लगेच ओळखला. त्यांच्या बदनावर गावच्या शेतावर त्याच पिशव्या येतात. मग काय, सगळा वर्ग हसला. आईने समजावलं, मावशीने आइस्क्रीम कबूल केलं, पोर ढिम्म. अशीच बसून राहिली तर शाळेची भीती कायमची धरेल, ही धास्ती बकुळाबाईंना गुडघ्यांपेक्षा जास्त ठणकत होती.

त्यांनी थोरल्या महालक्ष्मीला नेसवलं, मग धाकटीला घेतलं. तोंडात टाचण्या, कमरेत कळ. पुढ्यात दोघींची बाळं मांडायची. मुलगा हर्षितने आणायचा, मुलगी त्याच्या बहिणीने, कृतिकाने. पण ती इंदूरच्या होस्टेलात. बकुळाबाईंनी मुलगी उचलून अपेक्षाच्या हातात दिली. ही आपल्या घरची थोडीच आहे, म्हणून हर्षित कुरकुरला. जयसिंगरावांच्या सूनबाईही काहीतरी बोलणार होत्या, पण धाकटीची साडी अजून अर्धीच झालेली पाहून गप्प राहिल्या.

बाळं मांडून झाली. हर्षित बराच वेळ बघत उभा राहिला.

“बकुळा आजी, इनके पापा किधर हैं?”

एरवी त्यांनी एखादी गोष्ट रचून सांगितली असती. आज तेवढं त्राण नव्हतं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“इथे नाहीत. दोघी बहिणी आणि दोन लेकरं. एवढंच घर.”

“ऐसा चलता है?”

“उद्या तुझे आजोबा सोळा भाज्यांचं ताट वाढून ह्यांच्याच पाया पडतील. त्यांना विचार, चलता है का.”

हर्षितने देवींकडे पाहिलं, मग अपेक्षाकडे. मनातल्या मनात मोजत असावा.

“इसके घर भी तो दो हैं,” तो म्हणाला.

“आणि वर एक आजी,” अपेक्षा म्हणाली. तीन दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

“कल वो चार्ट लेके आना,” हर्षित म्हणाला. “मैं नहीं हँसूँगा.”

संध्याकाळी बकुळाबाई गरम पाण्यात पाय सोडून बसल्या. शेजारी अपेक्षा ओल्या फडक्याने शेतकरी खरवडत होती. बाकी सगळा निघाला, मिशी तेवढी चिकटून राहिली. तिच्यावरच तिने पेन्सिलीने मावशी काढली. मावशी दुकानातल्या कामावरून आली, तक्ता पाहिला आणि मला मिशा कधी फुटल्या, म्हणून विचारू लागली.

“निघत नाहीत त्या,” अपेक्षा म्हणाली. “मी अशीच नेणार.”

“ने,” म्हणून बकुळाबाईंनी डोळे मिटले. सकाळी तिच्या वेण्या घालायच्या, म्हणजे लवकर उठणं आलं.