तिसरी फीत

वैजनाथ पवळेचा फोन आला तेव्हा मल्लिनाथ हत्तरगे निलंग्यात वडिलांच्या किराणा दुकानात साखरेचं पोतं उसवत होता.

"मी बी सुट्टीवर आलोय. लातूरच्या स्टँडवर हाय. निलंग्याची गाडी लागलीय. दीड तासात येऊन राहिलो."

"कशाला?"

"बोलायचंय," एवढं म्हणून वैजनाथनं फोन ठेवला.

सुतळीचं टोक मल्लिनाथच्या बोटातच राहिलं. सुट्टीवर येऊन त्याला नऊ दिवस झाले होते. नऊही दिवस त्यानं एक गोष्ट पोटात दाबून ठेवली होती. ती जगात ज्याला सगळ्यात नीट माहीत होती तोच माणूस आता एसटीत बसला होता.

दोघं एकाच दिवशी फौजेत गेले होते. दोन हजार एक साली नांदेडला भरती निघाली, तेव्हा पळायच्या रांगेत हा निलंग्याचा आणि तो हिमायतनगरचा असे पुढं-मागं उभे होते. मल्लिनाथच्या बुटाचा तळ सुटला होता. वैजनाथनं स्वतःच्या करदोड्याची गाठ सोडून तो बांधून दिला. पुढं पलटणही एकच मिळाली.

फौजेत वर चढणं म्हणजे अरुंद जिना. शिपायाचा लान्स नाईक झाला की बाहीवर एक फीत, नाईक झाला की दोन, हवालदार झाला की तीन. त्यासाठी कॅडरचा कोर्स करायचा, परीक्षा द्यायची, कागद स्वच्छ ठेवायचा. एवढं करूनही वरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालचा सरकत नाही. यादीत मल्लिनाथचं नाव वर, त्याच्या लगेच खाली वैजनाथचं. मल्लिनाथ हवालदार झाला त्या दिवसापासून त्याच्या वडिलांनी, रेवणसिद्धप्पांनी, गिऱ्हाइकांसमोर पोराचं नाव घेणंच सोडलं. "आमचे हवालदार काय म्हणतेत माहिताय का," अशीच त्यांची सुरुवात असायची.

आणि मग त्या वर्षीच्या जानेवारीत ते घडलं.

फायरिंग रेंजवरून परतताना किती राऊंड नेले, किती झाडले, किती परत आले याचा हिशोब वहीत लिहावा लागतो. मोजायची आणि सही करायची जबाबदारी हवालदाराची. त्या संध्याकाळी धुकं उतरलं होतं, गाड्या सुरू होत्या, हात गारठले होते. मल्लिनाथनं विचारलं, "वैजू, बरोबर हाय का?"

"बरोबर हाय. गिनलो मी. कर सही."

वीस वर्षं ज्याच्यासोबत एका ताटात जेवला त्याचा शब्द. मल्लिनाथनं सही केली. तिसऱ्या दिवशी सामानाची तपासणी झाली आणि एका जवानाच्या पाऊचमध्ये पाच जिवंत राऊंड निघाले.

चौकशीत साहेबांनी वैजनाथला समोर उभं केलं. "मोजणी तू केली होतीस?"

मल्लिनाथ चार पावलांवर सावधानमध्ये उभा होता. वैजनाथची नजर भिंतीवरच्या नकाशावर होती.

"नाही साहेब. मला कुणी मोजायला सांगितलंच नव्हतं."

मल्लिनाथला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.  त्याची पाळी आल्यावर जे घडलं ते त्यानं सांगितलं. पण एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दासमोर पडला आणि वहीत सही एकाचीच होती. कर्नलसाहेबांनी कोर्ट भरवलं. टोपी आणि पट्टा बाहेर काढून त्याला आत मार्च करत नेलं. हवालदाराचा नाईक झाला. चालचलनाच्या कागदावर लाल शाईची नोंद पडली. त्याच दुपारी पलटणीच्या शिंप्यानं ब्लेडनं तिसऱ्या फितीचे टाके कापले. फितीखालचं कापड बाकीच्या बाहीपेक्षा गडद निघालं. शिंपी म्हणाला, "दोन धुण्यात सारखं होईल." पण ते झालं नाही.

मल्लिनाथची जागा रिकामी झाली. यादीत पुढचं नाव वैजनाथचं होतं. चार महिन्यांनी तो हवालदार झाला, त्याच सेक्शनचा.

आता दुपारचे दोन वाजले होते. वैजनाथ दारात उभा राहिला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"शरणार्थ, अप्पा," तो वाकून म्हणाला.

"या या, पवळे! कवाधरनं तुमचं नाव ऐकून राहिलो," रेवणसिद्धप्पा गल्ल्यावरून उठले आणि त्यांनी पाहुण्याला हाताला धरून आत आणलं. मल्लिनाथच्या बायकोनं, वर्षाराणीनं, पाणी दिलं. त्याच्या आईनं, गुरम्मा अव्वानं, सुनेला चुरमुऱ्यांचा सुशीला करायला सांगितला आणि स्वतः समोर येऊन बसली.

मल्लिनाथ खांबाला टेकून उभाच होता. वैजनाथ त्याच्याकडे बघत नव्हता. ताटली पुढं आली, चुरमुऱ्यांची वाफ निघत होती, पण त्यानं हात घातला नाही.

"मग पवळे," अप्पांनी मांडी ठोकली, "आमचा मल्ल्या हवालदार झाला. तुमचं कुठवर आलं?"

चुलीकडं भांडं वाजत होतं ते थांबलं. वैजनाथनं मान वर केली. मल्लिनाथला वाटलं, आता हा सांगणार. 

"मी?" वैजनाथ म्हणाला. "मी नाईकच हाय, अप्पा. मल्लिनाथ हवालदार. त्याच्याच हाताखाली हाय मी."

अप्पा खूश होऊन हसले. "हुईल हुईल, तुमचं बी हुईल!"

किती सोपं होतं! नुसतं गप्प राहायचं. सुट्टी संपली असती, घराचा मान राहिला असता, वैजनाथचं ओझं थोडं हलकं झालं असतं. मल्लिनाथनं अव्वाच्या तोंडाकडं पाहिलं. ती कौतुकानं मान हलवत होती. त्याला कळलं, दुसऱ्यानं सांगितलेलं न तपासता आपण पुन्हा सही करून राहिलोय.

"न्हाई," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ह्यो हवालदार हाय. नाईक मी हाय. जानेवारीत माझी फीत काढली."



"काय चोरी केलास का?" गुरम्मानं विचारलं. हळूच विचारलं, म्हणून जास्त लागलं.

"न्हाई अव्वा. न मोजता सही केलो."

"एवढ्यावर?"

"फौजेत एवढंच लई असतंय."

अप्पा उठले. चप्पल न घालताच दुकानात गेले आणि आतून फळी लावून घेतली. उन्हाच्या वेळी दुकान कधी बंद नसायचं. वर्षाराणी चुलीपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"फीत गेली तर गेली," ती म्हणाली. "पण पाव्हण्याच्या समोर कळावं का मला? रोज फोनवर बोलत होता की तुमी."



वैजनाथ ताटलीला नमस्कार करून उठला. दोघं स्टँडकडं चालले. रस्ता तापला होता, उसाच्या रसाच्या गाड्याचं घुंगरू वाजत होतं. स्टँड दिसू लागल्यावर वैजनाथ बोलला.

"पोरीच्या, आरतीच्या शाळेचं, म्हाताऱ्याच्या दवाखान्याचं, सगळं डोळ्यापुढं आलं त्या टायमाला. तोंडातनं निघून गेलं. नंतर मागं घ्यायला गेलो तर जीभ उचलंना."

"आता कशाला आलास मग?"

"तू शिवी देशील म्हणून. तू तर आदबीनं 'हवालदार' म्हणून हाक मारतोस रोज. ते सोसंना मला." तो थांबला. "गेल्यावर साहेबांना खरं सांगू का?"

मल्लिनाथला ओरडावंसं वाटलं, सांग म्हणून. पण खरं सांगितलं तर वैजनाथचीही फीत जाईल हे त्याला दिसत होतं. आणि ती जावी असं आपल्याला वाटतंय, हेही दिसत होतं. त्याची त्याला भीती वाटली.

"मला इचारू नको, वैजू. माझ्या शब्दावर तू सांगितलं तर ते बी माझ्याच नावावर जाईल. तुझं तू ठरव."

बस आली. वैजनाथ चढला, खिडकीशी बसला. दोघांपैकी कुणी हात हलवला नाही.

घरी परतल्यावर फळी अजून लागलेलीच होती. मल्लिनाथ बाहेर पायरीवर बसून राहिला. दिवस कलल्यावर अप्पांनी फळी उघडली. "आत ये," ते म्हणाले. "साखर उघडीच ठिवलास. मुंग्या लागल्यात." दोघांनी मिळून पोतं झटकलं, साखर डब्यात भरली.  नंतर एका गिऱ्हाइकानं "हवालदार कधी जाणार?" असं विचारलं तेव्हा त्यांनी तराजूवरून नजर न काढता सांगितलं, "नाईक हाय तो. सोमवारी जाणार."

पलटणीत मल्लिनाथ रुजू झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात वैजनाथ टोपी-पट्टा काढून कर्नलसाहेबांच्या दालनात शिरला. कंपनीतले सगळे व्हरांड्यातून न बघितल्यासारखं बघत होते. मल्लिनाथ दोरीवर मोजे वाळत घालत होता, त्यानं एकच मोजा दोनदा पिळला. वीस मिनिटांनी वैजनाथ बाहेर आला. फिती तीनच होत्या, पण लाल नोंद त्याच्याही कागदावर पडली आणि पुढची बढती थांबली. मग मल्लिनाथला आत बोलावणं आलं.

"पवळेनं खरं सांगितलं," कर्नलसाहेब म्हणाले. "पण वहीतली सही तुमची आहे. ती बदलत नाही."

"होय साहेब."

मल्लिनाथ गेल्या वर्षी नाईक म्हणूनच निवृत्त झाला. हवालदार असता तर आणखी दोन वर्षं मिळाली असती. आता तो आणि अप्पा दुकान बघतात, वर्षाराणी शेजारी शिलाईचं मशीन लावून बसते. वैजनाथचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतो. कधी मल्लिनाथ उचलतो आणि पलटणीतल्या पोरांची खबरबात विचारतो. कधी वाजू देतो, मग वर्षाराणी मशीन थांबवून म्हणते, "घ्या की. लांबचा माणूस हाय." तो हात पुसत उठतो, पण दर वेळी नाही.