बरणीतला खार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला सांगून काय होणार होतं? ‘अब्रू राखलीस’ म्हणाला असता. या घराण्याची अब्रू! शेतात थोडंसं भात पिकायचं आणि तोरा मात्र गाडाभर.

सुमन माझी धाकटी नणंद. लग्नाच्या वयाची, पण साखरेचं दुखणं, म्हणून घरातच राहिलेली. रोज तिला इन्सुलिन टोचायची ती मीच. बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची, सुई उकळायची, लघवी नळीत तापवून रंग बघायचा — सगळं शिकले होते. आणि त्या शिकण्याचा मला काय माज! गुळाचा डबा फडताळात, फडताळाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

मग ती वाळत चालली. उभी राहिली की घेरी, खाल्लं की ओकारी. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, तरी कातडी काळवंडली. सगळे म्हणाले, साखर माणसाला पोखरतेच. मीही म्हणाले. पण नळीतला रंग निळाच राहायचा — म्हणजे लघवीत साखर येतच नव्हती. इन्सुलिन कमी केलं तरी तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे. हे मला दिसत नव्हतं? चांगलं दिसत होतं.

आणखीही एक दिसत होतं. खारातल्या आंब्यांची बरणी. सुमन त्यातला आंबा खायची नाही, खार प्यायची — वाटीवाटीने. “वैनी, वाईच खार दे गो. त्याबिगर जीव ऱ्हात नाय.”

ओकाऱ्या, घेरी आणि वर खारट-आंबटाची ओढ! दुखण्याने तिचं महिन्याचं बाहेर बसणंही थांबलेलं. आमच्या गावातल्या बायका याला एकच नाव देतात — डोहाळे. तसलं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण माझ्या बहिणीचं लग्न बिरवाडीला जमत होतं. नवरीच्या बहिणीच्या सासरी असली कुजबुज? मी बरणी उचलली आणि गुळाशेजारी कुलपात ठेवली. सुमनला बजावलं, खाराचं कुणी विचारलं तर नाही म्हणायचं.

एकदा महाडचे डॉक्टर घरी आले. त्यांनी तिचे तळहात उलगडून बघितले — रेघा काळ्या. हिरड्याही काळ्या. म्हणाले, हे नुसतं साखरेचं दिसत नाही. मूत्रपिंडांच्या वर ग्रंथी असतात, त्या निकामी झाल्या की असं होतं. साखरेच्या रोग्यात कधी कधी हे दुसरं दुखणं दडून राहतं. औषध मुंबईहून आणता येईल. अशा माणसाला मिठाची हाव सुटते — हिला सुटली आहे का?

दारात शेजारच्या दोघीजणी उभ्या होत्या, कान टवकारून.

“छे हो,” मी म्हणाले. “तसलं काही नाही.”

त्यांनी सुमनला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. “नाय,” म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली, इन्सुलिन आणखी कमी करा म्हणाले आणि निघाले. आम्हा दोघींच्या शब्दावर गेलेला डॉक्टर! पण त्यांना कशाला नावं ठेवू? औषध आहे, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्यांच्यामागे धावत जायला अंगणाएवढंच अंतर होतं. मी चहाचे कप विसळत बसले.

पुढची अमावास्या सुमनने बघितली नाही. गाव म्हणालं, साखरेने नेली. मी पदराने डोळे पुसले आणि मान डोलावली — नाटकं तरी किती यावीत माणसाला! बहिणीचं लग्न झालं बिरवाडीला, थाटात. आता म्हणतात, त्या दुखण्यात शरीर आपल्याच ग्रंथींवर उठतं. असेल. मला त्यातलं काय कळतं? मला कुलूप लावता येत होतं.

सुमनच्या तेराव्याला मी फडताळ उघडलं. बरणीत खार कुलूप लावलं त्या दिवशी होता तेवढाच होता. पंगतीत आंबे वाढले. दारातल्या त्या दोघीही जेवायला होत्या.

“आंबा झ्याक मुरलाय गो,” एक म्हणाली.

मी तिला आणखी एक वाढला.